कांगणीची जागा

माझ्या चुलतभावाचं सगळंच माझ्यापेक्षा सरस असतं, हे मी लहानपणापासून ऐकत आणि बघत आले आहे. एकाच अंगणात दोन घरं. त्याच्या आंब्याला मोहर येतो, आमच्या आंब्याला बांडगूळ. त्याचे ट्रक डिचोलीच्या रस्त्यावर धुरळा उडवतात आणि मी हायस्कूलात भूगोल शिकवते. हेवा वाईट म्हणतात. असेल. शेजारी राहून ज्याला हेवा वाटत नाही त्याने आमच्या अंगणात येऊन एक वर्ष काढून दाखवावं.

चवथीला तर हा हेवा डोक्यावर टांगलेलाच असतो. गोव्यात गणपतीच्या वर आम्ही माटोळी बांधतो. एक लाकडी चौकट आणि तिला केवणीच्या सालीने बांधलेली रानातली नि परसातली फळं, शेंगा, फुलं. नारळ, पपनसासारखं तोरिंगण, चिबूड काय, कुणीही बांधतो. माटोळीची पत ठरते ती रानातल्या मालावर, आणि रानातल्या मालाची जागा कोणी कोणाला सांगत नाही. एखाद्याच्या माटोळीखाली उभं राहून ‘हे कुठे मिळालं?’ विचारणं म्हणजे त्याच्या कपाटाची किल्ली मागणं. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, ‘रानांत.’ थकलेला माणूस घरातल्या एकाला जागा दाखवतो आणि विषय संपतो.

दादाच्या, म्हणजे या चुलतभावाच्या, माटोळीत काय नसतं ते विचारा. लालभडक कवंडळं, हलवली की वाजणाऱ्या घागऱ्या, आमच्याकडे कधीच न मिळणारी कसली कसली फळं. मये नि शिरगावाहून लोक बघायला येतात, दोघं-तिघं पेडण्याहूनसुद्धा. मात्र एका बाबतीत त्याची डाळ शिजायची नाही. कांगणी. देशावर तिला मालकांगोणी म्हणतात, पिवळ्या दाण्यांच्या घोसांची वेल. त्याचे घोस वीतभर, तेही विरळ. आमचे हातभर लोंबणारे, भरगच्च. जुन्या खाणीच्या मागे, टेकडीच्या उतरणीवर एका किंदळाच्या झाडावर ती वेल चढली होती, आणि ती जागा फक्त माझ्या बाबांना ठाऊक होती.

बाबांचे गुडघे गेले तेव्हा सगळे धरूनच चालले होते की जागा पुतण्याला मिळणार. मला भाऊ नाही, आणि माटोळीचं सामान आणायला रानात जातात ते पुरुष. एका सकाळी बाबांनी काठी घेतली आणि मला म्हणाले, “चल.” उतरणीवर धापा टाकत उभे राहून त्यांनी आकडीने खालचे घोस कसे ओढायचे, वरचे पाखरांना कसे सोडायचे, ते दाखवलं. वेलीला कोयता लावायचा नाही, हे तर दोनदा सांगितलं. मी जन्मात पहिल्यांदा दादाला हरवलं होतं. घरी येईपर्यंत मला हसू आवरत नव्हतं.

पुढे बाबा खाटेवरच आले. मग चवथीच्या आधी मी एकटी जायची, आणि वेल नीट आहे हे त्यांना बघायला मिळावं म्हणून फोटो काढून आणायची. ते फोन डोळ्यांशी नेऊन बघायचे आणि दरवर्षी एकच विचारायचे, “कोणें पळोवंक ना मगो?” कुणी पाहिलं नाही ना तुला? मी म्हणायची, “ना.” आणि खरंच म्हणायची. मी वाट बदलून जात होते, येताना घोस गोणपाटात झाकत होते. फोन खिशात होता, पण त्याला कोण माणसात धरतं!

तो फोन मात्र माझ्या मागेच लागला होता. ‘किती सुंदर फोटो! या ठिकाणाबद्दल इतरांनाही कळू द्या.’ खाली मोठं निळं बटण ‘हो’ म्हणणारं, आणि त्याच्या बाजूला फिकट अक्षरांत ‘आता नको’. मी ‘आता नको’ दाबायची. चार दिवसांनी पुन्हा तेच. ‘कधीच नको’ असं बटण त्या फोनात शोधूनही सापडलं नाही. एकदा शाळेतल्या एकीने सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी बंद करून दिलं. पुढचा अपडेट आला आणि ते पुन्हा चालू. आपल्याच घराची कडी आपण रात्री लावावी आणि सकाळी कंपनीने काढून ठेवावी, असला प्रकार.

गेल्याच्या गेल्या वर्षी चवथीच्या दुसऱ्या दिवशी दादाकडे ही गर्दी. लोक मोबाईल उंच धरून त्याच्या माटोळीचे फोटो काढतायत आणि तो सदऱ्याच्या बाह्या सारून उभा, जणू फळं त्याच्याच अंगाला लागली आहेत. आमच्याकडे माझ्या हातभर घोसांखाली बाबा आणि मी. माझा नुसता जळफळाट. नेमका तेव्हाच फोनने विचारलं, ‘इतरांनाही कळू द्यायचं?’ कळू दे एकदा लोकांना, म्हटलं, आणि निळं बटण दाबलं. मला वाटलं, फोटो जातोय. फोटोच्या पोटात जागाही जाते, हे भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही. त्यानंतर फोन मधूनमधून कळवायचा, ‘अभिनंदन! तुमचा फोटो लोकांना आवडतो आहे.’ मी त्या निरोपावर खूश व्हायची. दादाच्या माटोळीला एवढे बघणारे नव्हते.

गेल्या वर्षी टेकडीवर गेले तर उतरणीला वाट पडलेली. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. वेल मुळापासून हातभर वर कोयत्याने तोडलेली, उरलेली खाली ओढून सोललेली. किंदळावर वेलीची वाळकी दोरी तेवढी लोंबत होती. वेलीचं रडू मला नंतर आलं. आधी आला तो दादाचा राग. दुसरं कोण असणार? वर्षानुवर्षं डोळा होता त्याचा.

मी तशीच त्याच्या ओसरीवर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले; रागाच्या भरात खाणीमागची टेकडीही तोंडून निघाली. तो माटोळीची चौकट धूत होता. त्याने ऐकून घेतलं, आणलेल्या मालावरचं फडकं काढलं आणि म्हणाला, “पळय गो बाय. हीं तुमचीं दिसतात?” त्याचेच ते वीतभर, विरळ घोस. मग हात पुसून म्हणाला, “तुजो फोन हाड.” मी फोन पुढे केला. त्याने त्यात नकाशा उघडला, खाणीमागची टेकडी मोठी केली, आणि तिथे लाल ठिपका. ठिपक्यावर बोट ठेवलं तर सगळ्यात वर माझाच फोटो. खाली परक्या लोकांचे, वेलीला लटकून हसणारे. कोणीतरी जागेला ‘हिडन जंगल स्पॉट’ असं नावही देऊन ठेवलं होतं.

फोटो मी तिथल्या तिथे काढून टाकला. जागा राहिली. ती काढायची तर कारण निवडा म्हणे. ‘ही जागा बंद झाली आहे.’ ‘ही जागा दुसरीकडे हलली आहे.’ ‘ही जागा अस्तित्वात नाही.’ ‘ही जागा आमची आहे’ असं कारण त्यांच्या यादीत नव्हतं. मी ‘अस्तित्वात नाही’ दाबलं. उत्तर आलं, आम्ही तपासलं, जागा अस्तित्वात आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.

आणि एवढं सगळं होताना माझं लक्ष कुठे होतं, तर दादाच्या फोनकडे. त्याची मुलगी कम्प्युटर शिकते. तिने त्याच्या फोनातून कंपनीचं सगळं पुसून दुसरीच प्रणाली घातली आहे, जिच्या आत काय आहे ते कोणीही उघडून बघू शकतो. नकाशा फोनातच साठवलेला, तो कुणाला काही कळवत नाही. त्यात बँकेचं ॲप चालत नाही म्हणून मी वर्षभर त्याची टिंगल केली होती. हा स्वतः प्रत्येक ट्रकात यंत्र बसवून कुठला ड्रायव्हर कुठल्या गाड्यावर चहा पितो ते घरबसल्या बघणारा माणूस! तसं म्हटलंही मी. तो शांतपणे म्हणाला, “हांव ड्रायव्हरांचेर नदर दवरतां. म्हणून तर म्हजेर कोणाक दवरूंक दिना.” दुसऱ्यांवर नजर ठेवतो, म्हणूनच स्वतःवर ठेवू देत नाही. मुलगी हुशार, फोन मुका, रानातल्या जागा शाबूत. काय काय म्हणून या माणसाकडे असावं?

संध्याकाळी तो मागच्या दाराने आला, कांगणीचे चार घोस फडक्यात गुंडाळून. त्याच्या मालातले चांगले निवडून आणले होते. “काकान विचारल्यार ‘रानांत’ म्हण,” म्हणाला आणि गेला. त्याने निदान टोमणा मारायला हवा होता. चांगुलपणातही माझ्या वर गेला, हे मला वेल गेल्याइतकंच झोंबलं. पण घोस मी ठेवून घेतले. माटोळी रिकामी कशी ठेवणार?

बांधून झाल्यावर बाबांची खाट माटोळीखाली सरकवली. त्यांनी वर पाहिलं. नारळ, तोरिंगण, आंबाडे, सगळ्यांवरून नजर फिरून कांगणीवर थांबली.

“ही आपली न्हय.”

“रानांतली,” मी म्हटलं.

“रानांतली, पूण खंयची?”

ज्यांनी मला कुणाला ‘कुठली?’ म्हणून विचारायचं नसतं असं शिकवलं, त्यांनीच विचारलं. मग मला लपवता येईना. वेल गेली, फोनने जागा सगळ्या जगाला दाखवली, आणि ही दादाने दिली, असं मी एका दमात सांगितलं.

“फोनाक कोणें दाखयलो जागो?”

मी स्टुलावर चढून नारळाची दोरी उगाच घट्ट करत राहिले.

“आनी त्याणें? दादान तुका आपलो जागो सांगलो?”

“ना.”

बाबांनी दादाच्या त्या आखूड घोसांकडे पाहिलं. मग मान हलवली.

“शाणो,” ते म्हणाले. “जागो ताकाच दाखोवंक जाय आसलो.”

जागा मला नव्हे, त्याला दाखवायला हवी होती. एवढं बोलून बाबांनी डोळे मिटले, आणि मी स्टुलावर तशीच उभी राहिले, दादाची कांगणी गालाला लागत होती.