चॉकलेट बिस्किटवाल्याच्या थापा

बांद्याहून एस.टी.नं तो माझ्या मालवणच्या दुकानात यायचा. चॉकलेट बिस्किटांचे पुडे मांडीवर जपून आणायचा, तरी उन्हानं चॉकलेट वितळून कागदाला चिकटायचंच. मग म्हणायचा, "मुंबयत लोक ह्यो कागद चाटूक मारामारी करतत!" थापा मारण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

एका सोमवारी, मासे-अंडी न खाण्याच्या दिवशी, शेजारच्या काकींनी पुडा उचलला. "ह्येच्यात अंडा नाय मा रे?"

'नाय म्हण' म्हणून मी त्याला डोळ्यांनी खुणावलं. तो जरा घुटमळला.

"अंडा आसा, काकी. आज सोमवार. उद्या खावा." आणि पुडा त्यानंच परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी काकींनी तोच पुडा नेला. तेव्हापासून त्याची प्रत्येक थाप त्यांना खरी वाटू लागली. पुढे एकदा मागीलदारी त्या कागद चाटताना दिसल्या.