दादाने कारण सांगितलं नाही

मी जेवायला बोलवायला वर गेले, तेव्हा दादा खुर्चीत बसलेला होता आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर चार माणसं त्याच्या उत्तराची वाट बघत होती. सल्ला देण्याआधी बराच वेळ गप्प राहायची त्याला सवयच होती, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं... मी खांद्याला हात लावला, तो गार लागला आणि कळलं, दादा गेला होता.

दादा माझा थोरला भाऊ. लग्न केलं नाही. आईच्या आजारपणात बंगळुरू सोडून रत्नागिरीला आला आणि आई गेली तरी आमच्या माडीवरच राहिला. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपन्यांना तो धंद्याचा सल्ला द्यायचा. गेम फुकट द्यावा की विकत, आधी कुठल्या देशात काढावा, चालत नसेल तर गाशा कधी गुंडाळावा. शेजारच्या काकू विचारायच्या, "तुझा भाऊ दिवसभर खेळत बसतो होय गो?" मी म्हणायचे, वाशीच्या बाजारात आंब्याची पेटी कधी धाडायची हे बागायतदाराला सांगणारा माणूस असतो ना, तसा तो. खेळायला मेल्याला पत्तेसुद्धा धड यायचे नाहीत.

माझा मुलगा मंदार इथेच बँकेत कायम नोकरीला होता. त्याला पुण्याच्या एका गेम कंपनीचं बोलावणं आलं. पोरगा हरखून गेला. रविवारी जेवताना त्याने मामाला कंपनीचं नाव सांगितलं, तसा दादाचा हात ताटातच थांबला. "नको जाऊस," एवढंच म्हणाला. का? मंदारने विचारलं, ह्यांनी विचारलं, मी विचारलं... हा आपला बांगड्याचे काटे काढत खाली बघतोय. माझं डोकंच फिरलं. स्वतः ह्याच धंद्यावर जगतोस आणि भाच्याच्या वाटेत आडवा येतोस, असं मी तोंडावर बोलले. तो पानावरून उठला. मंदार राजीनामा देऊन पुण्याला गेला. त्यानंतर मंदारचा फोन आला की दादा मुकाट्याने जिना चढून वर जायचा.

गणपती झाले आणि ती कंपनी बंद पडली. मी तरातरा माडीवर गेले.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं. बंद करा, असं मीच सांगितलं होतं त्यांना. मंदारला बोलवायच्या आधीच. त्यांनी ठरवायला वेळ लावला आणि तोवर भरती चालू ठेवली."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"तोंड बंद ठेवायची सही केलेली असते, बाय... आणि तिथे बाकीची पोरंही होती. त्यांच्या आयांना कोण सांगणार होतं?" मग म्हणाला, "नको म्हटलं, तेसुद्धा जास्तच बोललो. तेव्हापासून धड झोप नाही."

मला ते पटलं नाही. अजून पटत नाही. बाकीच्या आयांचं मला काय सांगतोस, मला एकच मुलगा आहे, असं मी म्हणालेही. पण इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, ते मी त्या दिवशी माणसाच्या चेहऱ्यावर बघितलं. त्याने ना भाच्याला वाचवलं, ना स्वतःचा शब्द नीट पाळला.

बँक काही मंदारला परत घेणार नव्हती. तो घरी आला आणि दादाने त्याला हाताशी घेतलं. मला ते नको होतं, पण तरण्याताठ्या मुलाला घरी बसवून तरी काय करणार? आता दादामागे दोन कंपन्यांनी मंदारलाच काम पुढे चालवायला सांगितलंय. तो त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसतो.

परवा मी चहा घेऊन वर गेले. पडद्यावर कुणीतरी बोलत होतं आणि मंदार गप्प बसून ऐकत होता. मला बघून त्याने आवाज बंद केला.

"कुणाचं काम आहे रे?" मी सहज विचारलं.

त्याने माझ्या हातातून कप घेतला, दारापर्यंत मला सोडायला आला आणि मी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले असेन नसेन, मागे हळूच कडी लागली.