गेरूच्या पट्ट्याच्या वर

झाडांची बुरशी जागेवरच ओळखणारी पट्टी हातात आली तेव्हा मी जरा शेफारलोच होतो. पूर्वी नमुना प्रयोगशाळेत जायचा आणि उत्तर येईपर्यंत झाड आडवं झालेलं असायचं. आता खोडाचा चुरा द्रावणात ढवळायचा, पट्टी बुडवायची, दहा मिनिटं थांबायचं. दोन रेघा आल्या की बुरशी. एकच आली की झाड ठीक. निगडीपासून चाकणपर्यंत रस्त्याकडेची झाडं मी अशी तपासत फिरायचो.

चाकणला एका कंपनीच्या गेटसमोर जुना गुलमोहर होता. त्याच्याखाली जवळच्याच गावातल्या एका मावशींची चहाची टपरी. त्यांनीच मला हाक मारली. "सायेब, फांद्या लई वाळत्यात. झाड बरं हाय का? न्हाईतर टपरी पलीकडं नेते."

सव्वीस जानेवारी दोन दिवसांवर आली होती. दरवर्षीप्रमाणे झाडांना गेरू-चुना चालला होता. या गुलमोहरालाही बुंध्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत ताजा रंग दिलेला. रंगवणारा ब्रश धूत म्हणाला, "खरवडू नका राव, उद्या साहेब बघायला येणारेत." त्याच्या भिडेखातर मी रंगाच्या पट्ट्याच्या वरच्या खोडातून चुरा काढला. ही बुरशी मुळाशी आणि बुंध्यात असते, हे मला तोंडपाठ होतं. तरी वरूनच काढला. एकच रेघ आली.

"बिनधास्त बसा मावशी," मी म्हणालो.

मे महिन्यातल्या वादळात गुलमोहर बुंध्यात मोडून टपरीवर पडला. मावशींचा मणका गेला. दुसऱ्या दिवशी मी त्या बुंध्यातला भुसभुशीत चुरा घेऊन पट्टी बुडवली. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, दुसरी रेघ लालभडक उठली. दोष पट्टीचा नव्हता.

मावशी आता कायमच्या अंथरुणाला खिळल्या आहेत. सगळं कबूल करायचं ठरवून मी त्यांच्या घरी गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्या सुनेला म्हणाल्या, "ह्येच ते सायेब. त्यांनी चांगलं तपासलं व्हतं गं. त्यांचं काय बी चुकलं न्हाई, झाडच दगाबाज निघालं."

मी मान डोलावली. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं.