हनुवटीच्या मापाचं पॅनल

माझा मामा घरोघरी विजेची पॅनलं बसवतो, आणि त्याच्या डोक्यात एखादी गोष्ट एकदा बसली की ती काढायला छिन्नी लागते.

पहिली गोष्ट फळी. पॅनल म्हणजे मेन स्विच आणि सगळ्या खोल्यांचे स्विच एकत्र ठेवलेली पत्र्याची पेटी. बाकीचे लोक ती सरळ भिंतीवर ठोकतात आणि चहा पिऊन घरी जातात. मामा आधी जाड प्लायवूडची फळी बसवणार, मग तिच्यावर पेटी. फळीला दोन्ही बाजूंनी रंग, चारही कडांना रंग, आणि मागे लाकडाचे चार ठोकळे, म्हणजे भिंत आणि फळी यांच्यात बोटभर हवा खेळती राहते. शिवाय फळी पेटीपेक्षा चांगली वीतभर मोठी. का, तर उद्या काही हलवावं लागलं तर. हा 'उद्या' मी लहानपणापासून ऐकते आहे, तो कधी उजाडलेला पाहिला नव्हता.

दुसरी गोष्ट उंची. फळी कापायला तो टेप वापरतो, पण उंचीसाठी नाही. चपला काढतो, भिंतीसमोर ताठ उभा राहतो, हनुवटीला पेन्सिल टेकवतो आणि रेघ मारतो. मेन स्विच त्या रेघेवर. "लाइट गेल्यावर माणूस अंधारात टेप घेऊन येत नाही," तो म्हणतो, "तोंड घेऊन येतो."

तिसरी गोष्ट शपथ. मी बसवलेलं पॅनल ज्या दिवशी पुन्हा खोलावं लागेल, त्या दिवशी पक्कड खुंटीला टांगीन, असं तो भेटेल त्याला सांगत आला. चाळीस वर्षांत ती वेळ आली नव्हती. ती माझ्या घरी आली.

घर नवं, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. भाड्याची खोली मला शनिवारी सोडायची होती. वीज कंपनीच्या इन्स्पेक्टरबाई गुरुवारी येणार होत्या. त्यांनी नापास केलं असतं तर पुढची पाळी तीन आठवड्यांनी, आणि तोवर मी मेणबत्तीवर. मी घायकुतीला आले होते, आणि मामा दोन दिवस फळी रंगवत होता.

"मामा, मागची बाजू कोण बघणार आहे रे?"

"ओल बघते," तो म्हणाला आणि तिसरा हात मारायला घेतला.

जुने इन्स्पेक्टर मामाचं काम ओळखून होते. दारातूनच मान हलवायचे आणि सही करायचे. ते निवृत्त झाले. नव्या बाई तरुण होत्या, आणि त्यांना मान हलवायची सवय नव्हती. त्यांनी पॅनल दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. ते जागचं हललं नाही. फळीच्या मागे त्यांनी बॅटरी मारली. "मागूनही रंग?" त्यांनी विचारलं. मामाने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मग बाईंनी पर्समधून टेप काढली.

"काका, मेन स्विच नियमाच्या उंचीपेक्षा दोन इंच खाली आहे."

"तुमची टेप ताणली असेल."

बाईंनी शांतपणे मामाचीच टेप मागून घेतली. दोन इंच.

"मग फरशी वर आली असेल," मामा म्हणाला.

"मामा, फरशी आधी बसली. तू माप नंतर घेतलंस," मी म्हणाले. तोंड आवरणं मला कधीच जमलेलं नाही.

बाई भल्या होत्या. पलीकडच्या गल्लीत आणखी दोन घरं बघून तासाभराने परत येते, तेवढ्यात वर घ्या, म्हणाल्या. पेटी भिंतीवर असती तर नवी भोकं, नवं प्लास्टर, सगळा राडा झाला असता. पण मामाचा तो 'उद्या' त्या दिवशी उजाडला. फळी वीतभर मोठी होती, वायरीही त्याने लांब सोडल्या होत्या. चार स्क्रू काढले, पेटी वर सरकवली, चार स्क्रू लावले. बाईंनी येऊन मोजलं आणि सही केली.

मला हसू आवरेना. हसता हसता मामाकडे लक्ष गेलं. फळीवर खाली राहिलेल्या चार भोकांवरून तो अंगठा फिरवत होता. पक्कड त्याने पिशवीत टाकली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

"संपलं," तो म्हणाला. "आजपासून काम बंद."

माझं हसू जागीच आटलं. मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेले.

मामी मटार सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हात पुसले, आत जाऊन मामाची चांगली पॅंट आणली आणि पायाची दुमड उसवून त्याच्यासमोर धरली. कापडावर एकावर एक तीन शिलाईच्या खुणा होत्या.

"दर दोन-तीन वर्षांनी तुमची पॅंट जमिनीला लागायला लागते," ती म्हणाली. "मग मी थोडी दुमडते."

"कापड ताणतं गं."

"कापड नाही हो ताणत."

मामाने टेप काढली आणि खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत लावली. दोन इंच. मग तो उठला आणि दाराजवळच्या पॅनलसमोर जाऊन उभा राहिला. लग्नाच्या वर्षी बसवलेलं, त्याच्या हातचं पहिलं पॅनल, हनुवटीच्या मापाचं. मेन स्विच मिशीसमोर आला.

"मला वाटायचं जमीन खचली," तो म्हणाला. त्यापायी घराची फरशी बसवणाऱ्या गवंड्याशी त्याने पाच वर्षं अबोला धरला होता.

मग मामीकडे वळून म्हणाला, "कधी बोलली का नाहीस?"

"आरशासमोर रोज इतके ताठ उभे राहता," मामी म्हणाली, "मला सांगवेना."

 मी खाली मान घालून मटार सोलायला घेतले.

 मामा घराच्या मागच्या बाजूने एक सरळ लाकडी पट्टी घेऊन आला. ती पॅनलला लावून उभी केली, मेन स्विचपाशी खूण केली, पिशवी सोडून करवत काढली आणि पट्टी बरोबर खुणेवर कापली.

"ही माझी पंचविशीतली हनुवटी," मला दाखवत तो म्हणाला. "आता माप हिचं."

"आणि शपथ?" मी विचारलं. सांगितलं ना, तोंड आवरत नाही.

"शपथ कामाची होती. कामात काय चुकलं? पॅनल हललं? फळीला ओल लागली? हनुवटी खाली आली, त्याला मी काय करणार?" तो म्हणाला. "पण उद्या त्या गवंड्याकडे जायला हवं."

मामीने सुईत दोरा ओवला होता. "दुमडून शिवू ना परत?"

"शीव. पण पुढच्या वेळी आधी मला सांगत जा."

"नाही सांगणार," मामी म्हणाली. "सांगितलं की तुम्ही ताठ उभे राहाल, आणि माझं माप चुकेल."