आत्याची गाडी का तापली

आमच्या आत्याने बॉनेट उघडलं की रस्त्याने जाणारा एक तरी पुरुष थांबतो आणि विचारतो, "काय झालं? घरात कोणी नाही का?" ती अख्खी समोर उभी असते, हात कोपरापर्यंत काळे, तरी म्हणे घरात कोणी नाही! माझं डोकंच फिरतं. आत्या मात्र हातातला पाना खाली न ठेवता म्हणते, "आहे की. मी आहे."

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची उभी हयात गेली. बिघाड शोधायचा तर एका टोकापासून सुरुवात करायची आणि मधलं काही गाळायचं नाही, ही तिथली सवय तिने गाडीलाही लावली. प्लग साफ करणं, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुणं, पंख्याचा पट्टा बदलणं, सगळं अंगणातच. तिने लग्न केलं नाही म्हणून लोक अजून हळहळतात. स्वतःच्या पगारातून गाडी घेतली, त्याबद्दल कोणी कौतुकाचा शब्द काढला नाही.

तर ही गाडी तापायला लागली. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण गर्दीत अडकली की काटा लाल रेघेला. एकदा भर चौकात वाफ निघाली आणि बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, आयतं कोलीत मिळालं.

"बेबी, आता पुरे. साठी बुद्धी नाठी. इंजिन गेलंय तुझं."

नाव बेबी आणि बुद्धी म्हातारीची! तिला न विचारता त्यांनी गिऱ्हाईकही ठरवलं. रविवारी येणार होतं. गाडी गेली की आत्याने कुठेही जायचं म्हटलं तरी बाबांच्या तोंडाकडे बघायचं, हे उघड होतं. घरात कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मी बोलले, तर मलाच सुनावलं, "तू मध्ये पडू नकोस."

शनिवारी सकाळी आत्याने गाडी थंड असतानाच पाणी बघितलं. भरलेलं होतं, गळतीही नव्हती. मग इंजिन चालू ठेवलं. काटा चढू लागला तसे बाबा पायरीवरून ओरडले, "झाकण उघड आणि गार पाणी ओत!"

"तोंड भाजून घ्यायला? तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडत नसतात, दादा."

फडकं धरून तिने पाइप चाचपले. वरचा गरम, खालचाही गरम. "पाणी फिरतंय," ती म्हणाली. पंखाही भणभणत होता. मग तिने वर्तमानपत्राचं पान पुढच्या जाळीला टेकवून सोडलं. पंखा हवा ओढत असेल तर कागद चिकटून राहायला हवा. तो सरळ खाली पडला.

इंजिन बंद करून, निवू देऊन तिने जाळी खोलली. आत मच्छरदाणी! चार पदरी घडी, कडेने दोरीने नीट बांधलेली, आणि तिच्यावर धुळीचा, किड्यांचा, पिसांचा गोधडीएवढा थर.

"दादा, ही तुझ्या खोलीतली ना?"

बाबा चप्पल शोधू लागले. "उंदीर वायरी कुरतडतात म्हणून लावली होती. तुझ्याच भल्यासाठी."

भल्यासाठी! आधी गाडीचं नाक दाबायचं, ती घुसमटली की वर म्हणायचं, हिचं इंजिन गेलं. चोर तो चोर वर शिरजोर. हे मी मोठ्याने म्हणाले आणि त्याचं मला अजून जराही वाईट वाटत नाही.

एवढं होऊनही बाबांनी गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं नाही. रविवारी ते आलं. इंजिन चालू ठेवून त्याने सावकाश चहा घेतला. काटा मधोमध, हलायला तयार नाही. "छान ठेवलीय हो. कोणी दुरुस्त केली?"

"घरीच केली आम्ही," बाबा म्हणाले.

आम्ही! मी तोंड उघडणार तोच गाडीचं दार वाजलं. आत्या आत बसून पट्टा लावत होती.

"अगं, निघालीस कुठे? मी यांना शब्द दिलाय!"

"शब्द तुझा होता, तो तू दिलास," आत्या म्हणाली. "गाडी माझी आहे. फाटकातून बाजूला हो."