दोन लिटर तेल आणि आमचे जावई

आमचे जावई चष्म्याच्या दुकानात काचा बसवतात. दिवसभर मोहरीएवढे स्क्रू फिरवायचे, त्यामुळे घाई म्हणजे काय ते त्यांना ठाऊकच नाही. दाराला कडी घातली तरी दोनदा हलवून बघणार. पोरीनं लग्न ठरवलं तेव्हाच मी म्हटलं होतं, माणूस सोन्यासारखा आहे, पण ह्याच्याबरोबर तू कुठे वेळेवर पोचायची नाहीस. त्या दिवशी ती दवाखान्यात बसली होती, ऑपरेशन होऊन झालेल्या चार दिवसांच्या बाळाला घेऊन. अकराला सुट्टी मिळणार होती. आणि सकाळी साडेआठला आमचे जावई गाडीखाली.

बाहेर नुसते पाय दिसत होते. मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"गिअरबॉक्सचं तेल बदलतोय, आई. तासाभराचं काम आहे."

"आजच मुहूर्त मिळाला?"

"दुसरा गिअर टाकला की खर्र होऊन हिसका बसतो. नर्स म्हणाली, टाके ओले आहेत, हिसके बसू देऊ नका. मेकॅनिकचं दुकान आज बंद. म्हटलं आपणच करू."

बोलण्यात चूक काही नव्हती. पण खाली वाकून बघितलं तर तळपायाची आग मस्तकात गेली. बाळाची दुपटी भिजवायला मी कालच नवा टब आणला होता. त्यात हे काळंकुट्ट तेल पडत होतं, वर कुजक्या अंड्यांसारखा वास.

"धुऊन देतो," ते म्हणाले. मी म्हटलं, तो टब आता तुमच्याच कपड्यांना ठेवा.

साडेनऊ झाले तरी पाय तिथेच. मी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं की घोडं अडलंय. जुनं तेल काढायचं बूच खाली असतं, नवं भरायचं बाजूला. ह्या गृहस्थांनी खालचं उघडून गाडी कोरडी ठणठणीत केली, आणि बाजूचं उघडेना. आधी भरायचं बूच उघडतं का बघावं, मग काढायला घ्यावं, एवढं माझ्यासारख्या भाजी चिरणाऱ्या बाईलाही कळतं. म्हणजे तेल आत जाईना, आणि तेलाशिवाय गाडी जागची हलवता येईना. मी कपाळावर हात मारला.

"टॅक्सी बोलवा."

"टॅक्सीवाला कसा चालवेल कोण जाणे. खड्डा बघणार नाही, काही नाही."

"आणि तुम्ही कसली चालवता? तेलच नाही तिच्यात."

त्यांनी खिशातून चष्मे पुसायचं मऊ फडकं काढलं आणि बूच पुसत बसले. हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात पोरीचा फोन. "आई, निघालात का?" मी म्हटलं, निघालोच. आयुष्यात पहिल्यांदा मी जावयासाठी खोटं बोलले, आणि त्याचाही मला राग आला.

शेवटी मीच माळ्यावरून मोडक्या पलंगाचा पोकळ लोखंडी पाय काढून आणला. त्यांच्या पान्याच्या दांड्यावर तो चढवला, की दांडा झाला हातभर लांब. ते आतून धरून, मी बाहेरून जोर लावून. तिसऱ्या हिसक्याला बूच कडकन सुटलं. त्यांनी आतून "आभारी आहे, आई" असं म्हटलं, जणू मी चहात साखर घातली होती.

मग भरणं. वरून नळी आत सोडायची, नळीला नरसाळं, आणि मी बाटली धरून उभी. ते खाली पडून बघणार, भोकातून तेल गळायला लागलं की भरलं. तेल घट्ट, नळी बारीक. दोन लिटरला अर्धा तास लागला. माझे हात भरून आले. पुन्हा दोनदा फोन वाजला, मी उचलला नाही. खरं सांगायचं तर त्या अर्ध्या तासात मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं.

मग गाडीखालून आवाज आला. "चार दिवसांपूर्वी हिला दवाखान्यात नेताना दुसरा टाकला ना, तेव्हा ती केवढ्यानं ओरडली. तुम्ही मागून बसनं आलात, तुम्हाला माहीत नाही. माझ्या हिसक्यानं ओरडली ती. मला झोप नाही तेव्हापासून."

मी बाटली तशीच धरून ठेवली. म्हटलं, "गळतंय का बघा."

निघेपर्यंत साडेअकरा. कोपऱ्यावर त्यांनी दुसरा गिअर टाकला. खर्र, आणि हिसका. तस्साच. मी त्यांच्याकडे बघितलं. सकाळपासून तेवढं एकदाच मला त्यांचं वाईट वाटलं.

पोर दवाखान्याच्या दारातच बसली होती, तोंड फुगवून. मागच्या सीटवर मी बाळ घेतलं, तिला उशी दिली. जावयांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी निघाली. चौक गेला, पूल आला, गाडी पहिल्यातच. इंजिन नुसतं बोंबलतंय, मागे हॉर्नची रांग.

"अरे, दुसरा टाक ना," पोर म्हणाली.

"नको. त्या दिवशी ओरडली होतीस."

"कळ आली म्हणून ओरडले रे मी. गिअरचं मला आठवतसुद्धा नाही."

त्यांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता टाकतील. सुटलो. पण त्यांचा हात काही गिअरकडे गेला नाही.

पाच किलोमीटर. एक जण स्कूटर बाजूला घेऊन, चालवता येत नाही तर घरी बसा, असं म्हणाला. सकाळपासून नेमकं हेच माझ्या ओठांवर होतं. पण काच खाली करून मी त्यालाच झापलं, "बाळंतीण आहे गाडीत, दिसत नाही? जा गुमान." आणि जावयांना म्हटलं, "तुम्ही चालू द्या हळूहळू."