वरचं

कपड्यांच्या कारखान्यात तिचं काम चुका काढण्याचं. शर्ट उलटा करायचा, शिवण ताणायची, सुटलेला टाका दिसला की खडूने फुली मारायची. बारा वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन वेगळं काय करणार? नवरा तिला फुलीच म्हणायचा. भाजीवाल्याचा काटा, दूधवाल्याचं माप, शेजारणीचं हसू, सगळ्यांवर तिची एकेक फुली मारून झालेली.

त्यामुळे नऊ महिन्यांच्या छकुलीचं वजन तीन महिने हललं नाही, वर तिसऱ्यांदा सर्दी-ताप झाला, तेव्हा तिचा पहिला संशय मोठ्या दिरांवर. ती कामावर गेली की छकुली दिवसभर त्यांच्याकडे. भाऊजी घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाली तसं दुकान मिटवलं. लग्न केलं नाही, तान्हं मूल कधी सांभाळलं नाही. सांगाल तेवढंच, सांगाल तसंच करणारा माणूस.

दवाखान्यातल्या सिस्टरने वजनाचा तक्ता पुढे सरकवला. "ही रेघ बघा, झोपलीय. पहिली दोन वर्षं मेंदू भराभर वाढतो. आजाराशी झुंजायची ताकदही याच दिवसांत घडते. आत्ता कमी पडलं तर पुढे शाळेतसुद्धा जाणवू शकतं. हिला खायला मिळतंय ना?"

"मिळतंय म्हणजे? रोज सकाळी डाळ-तांदूळ शिजवून ठेवते. संध्याकाळी पातेलं रिकामं!"

बोलता बोलताच ती थबकली. पातेलं रिकामं, पोरगी वाळलेली, आणि भाऊजींच्या शर्टाची बटणं हल्ली पोटावर ताणलेली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी तिने हे सांगितल्यावर नवरा भडकलाच. "दादाने मला लहानाचं मोठं केलंय. तो लेकराच्या तोंडचा घास काढेल?"

"मी कुठे काही म्हणतेय? पातेलं म्हणतंय."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती दुपारीच परतली. चपला हातात घेऊन जिना चढली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी श्वास रोखून उभी राहिली. छकुली भाऊजींच्या मांडीवर होती. पातेल्यात वर आलेलं पाणी ते चमच्याने अलगद काढत, फुंकर घालत, भरवत. वाटीभर पाणी संपल्यावर त्यांनी तिचं तोंड पुसलं, आणि तळाचा घट्ट गोळा आपल्या ताटात घेतला.

"वा भाऊजी! लेकराला पाणी आणि घट्ट तुम्हाला?" म्हणत ती आत शिरली.

त्यांचा घास हातातच राहिला. "अगं, तूच नाही का म्हणालीस? डॉक्टरांनी सांगितलंय, आता हिला वरचं द्यायचं. मी वरचंच देतो. तळाचं एक शीतही जाऊ देत नाही. टाकवत नाही म्हणून ते मी खातो."

आता तिला उलगडलं. वरचं म्हणजे आईच्या दुधाशिवायचं, वरचं खाणं. लेकुरवाळ्या बायकांत हे कुणाला फोडून सांगावं लागत नाही. तीन महिन्यांपूर्वी बसच्या घाईत तिने दारातूनच तो एक शब्द फेकला होता.

"मी उपाशी ठेवलं हिला?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्ही एकट्याने नाही," ती म्हणाली. ताटातला गोळा तिने वाटीत घेतला आणि बोटांनी कुस्करू लागली.

"गुठळी चालेल? घट्ट म्हणजे किती घट्ट?"

"चमचा उलटा केला तरी पडायला नको, इतकं."

भाऊजींनी रिकामा चमचाच उलटा करून पाहिला.

महिनाभराने दवाखान्यात वजनाचा काटा चारशे ग्रॅम पुढे गेला. भाऊजींनी डोळे पुसले. तिचा चेहरा मात्र तसाच. हाक मारल्यावर छकुलीने वळायला जरा उशीर केला, तरी आताशा आई पुन्हा पुन्हा हाक मारून बघायची.

"आणि डोकं?" तिने विचारलं.

सिस्टरने डोक्याभोवती टेप धरली. "वाढतंय हो. रेघ वर चाललीय."

"तीन महिन्यांचं गेलेलं भरून निघेल?"

"खात्रीने कसं सांगू? खायला द्या, बोला हिच्याशी, दर महिन्याला आणा."

फुलीने मान हलवली, छकुलीचं टोपरं पुन्हा काढलं आणि म्हणाली, "परत मोजा."